सामन्याच्या रात्री आजोबांची खुर्ची कुठे?

१८ डिसेंबर २०२२, रविवार. कतारमधील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठला सुरू व्हायचा होता आणि आमच्या गारखेडा परिसरातील घरी सोळा-सतरा माणसे जमली होती. मुलाचे मित्र, माझे दोन डॉक्टर स्नेही सहकुटुंब, शेजारची दोन घरे. संभाजीनगरची डिसेंबरातली थंडी पडली होती. सतरंज्या अंथरल्या होत्या, स्वयंपाकघरातून नान-खलियाचा वास येत होता आणि शाकाहारी मंडळींसाठी मसालेभात शिजत होता. या सगळ्या गर्दीच्या मधोमध, टीव्हीच्या अगदी समोर, वेताच्या खुर्चीत माझे वडील बसले होते. तेव्हा त्यांचे वय ८१. रक्तदाबाचा विकार जुना. तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला.

वडील मूळचे कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे वेड कुठे असेल तर ते कोल्हापुरात. तिथे संघ तालमींचे आणि पेठांचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे तिथल्या पोराला पाढ्यांआधी पाठ होतात. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की घरी जेवायला कोण थांबणार? विश्वचषकाच्या महिन्यात तर अर्ध्या गल्ल्या ब्राझीलच्या आणि अर्ध्या अर्जेंटिनाच्या होतात. आई गेल्यानंतर वडील आमच्याकडे राहायला आले. ती पेठ, ते मित्र, कट्ट्यावरच्या संध्याकाळच्या गप्पा, सारे मागे राहिले. आमच्या गल्लीत त्यांना ‘डॉक्टरांचे वडील’ यापलीकडे ओळख नव्हती. त्या रात्री प्रथमच ते बोलत होते आणि मुले ऐकत होती. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत उपांत्य फेरीत पोहोचला होता आणि मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते, हे त्या मुलांना कोणीच सांगितलेले नव्हते.

मध्यंतर झाले तेव्हा अर्जेंटिना दोन विरुद्ध शून्य असा पुढे होता. इथे मी माझी डॉक्टरकी दाखवली. ‘‘बाबा, निकाल लागल्यातच जमा आहे. गोळ्या घ्या आणि आत जाऊन पडा. उगाच रक्तदाब वाढायला नको.’’ त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले. सोळा माणसांसमोर वाद घालणे त्यांच्या स्वभावात नाही. ते उठले. आवाजाचा त्रास नको म्हणून मी आतल्या खोलीचे दारही लावून घेतले.

पुढे काय घडले ते फुटबॉल पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. ८०व्या आणि ८१व्या मिनिटाला एम्बापेने दोन गोल केले आणि फ्रान्सने बरोबरी साधली. जादा वेळेत पुन्हा दोन्ही बाजूंनी एकेक गोल झाला. तीन-तीन. अखेर पेनल्टींवर चार-दोन असा निकाल लागून अर्जेंटिना जिंकला, तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दिवाणखान्यात नुसता कल्लोळ.

मी दार उघडले तर खोलीत अंधार. वडील पलंगाच्या कडेला बसलेले, पाय थंडगार फरशीवर, अंगावर शालही नाही. नाडी मिनिटाला ११२. रक्तदाब १७२ आणि ९६. मी काही विचारण्याआधी तेच म्हणाले, ‘‘दार लावून घेतलंस, पण आवाज यायचा थांबतोय होय? ओरडा ऐकू यायचा. कोण ओरडतंय, कशापायी, काही कळायचं नाही. समोर बसून बघितलं असतं तर एवढं धडधडलं नसतं.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘कोण जिंकलं ते तरी सांग की.’’

त्या रात्री सुदैवाने काही विपरीत घडले नाही. अर्ध्या तासात नाडी ८४वर आली, दाबही उतरला. परंतु तीस वर्षे रुग्णांना सल्ले देणाऱ्या मला त्या प्रसंगाने विचारात पाडले. मी दिलेला सल्ला पुस्तकी दृष्टीने चुकीचा होता असे म्हणवत नाही. तरी त्याने धोका टळला नाही आणि एका माणसाची, बऱ्याच वर्षांनी त्याच्या वाट्याला आलेली, संध्याकाळ मात्र गेली.

भीती कितपत खरी?

ही भीती निराधार नाही. २००६ साली विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक आणि परिसरातील हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद तिथल्या डॉक्टरांनी ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा रुग्णांचे प्रमाण एरवीच्या तुलनेत २.६६ पट आढळले. पुरुषांमध्ये ते तिपटीहून अधिक होते, स्त्रियांमध्ये दुपटीच्या जवळपास. सामना सुरू झाल्यानंतरचे पहिले दोन तास सर्वाधिक जोखमीचे, आणि ज्यांना हृदयविकार आधीपासून ठाऊक होता त्यांना जोखीम अधिक. त्याआधी १९९८ साली ३० जूनला इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टींवर हरला, तेव्हा त्या दिवशी आणि पुढील दोन दिवसांत इंग्लंडमधील रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढली होती. कॅनडात आइस हॉकी पाहणाऱ्या, हृदयविकार नसलेल्या २० प्रेक्षकांची नाडी मोजली गेली. मैदानावर बसलेल्यांची नाडी दुपटीहून अधिक वेगाने धावत होती, पण घरी टीव्हीसमोर बसलेल्यांचीही सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली होती.

हे आकडे वाचून टीव्हीची केबल उपटू नये. दोन-तीन पट हा शब्द मोठा वाटला तरी मूळ जोखीम एका संध्याकाळपुरती फारच थोडी असते, आणि ज्याचे औषध नियमित चालू आहे, ज्याला चालताना छातीत दुखत नाही, त्या वृद्धासाठी ती थोडीच राहते. याउलट ज्यांना गेल्या काही आठवड्यांत झटका येऊन गेला आहे, नुकतीच अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, थोड्या श्रमानेही छाती भरून येते किंवा पाय सुजून दम लागतो, त्यांच्याबाबत सामन्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याखेरीज निर्णय घेऊ नये.

म्युनिकच्या अभ्यासातील एक गोष्ट मला विशेष वाटते. रुग्ण वाढले ते जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी. इतर देशांच्या सामन्यांचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे हृदयाला ताण पडतो तो ‘आपला’ संघ खेळत असतो तेव्हा. भारत या विश्वचषकात नाही, त्यामुळे आपल्या बहुतेक घरांत फुटबॉलपेक्षा भारताचा क्रिकेटचा अंतिम सामना अधिक जपून पाहण्याजोगा. मात्र घरातले ज्येष्ठ कोल्हापूरचे असतील तर अर्जेंटिना त्यांना परका आहे असे समजू नका.

यंदाची वेळ अडचणीची आहे

येत्या ११ जूनपासून १९ जुलैपर्यंत अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत मिळून विश्वचषक होत आहे. प्रथमच ४८ संघ आणि १०४ सामने. सलामीचा सामना मेक्सिको सिटीतील अझ्टेका मैदानावर आहे. १९८६ साली मॅराडोनाच्या अर्जेंटिनाने अंतिम सामना जिंकला ते हेच मैदान. ती स्पर्धा आम्ही गल्लीतल्या एका घरी दूरदर्शनवर पाहिली होती. त्या घरची आजी सर्वांत पुढे बसायची; तिला खेळातले काही कळत नसे, पण तिला मागे बसवावे असे कुणाच्या मनातही येत नसे.

मेक्सिकोतला आणि अमेरिकेतला दिवस म्हणजे आपली रात्र. सलामीचा सामना आपल्याकडे १२ जूनच्या पहाटेआधी, रात्री साडेबाराला. अंतिम सामनाही २० जुलैला, सोमवारी, रात्री साडेबाराला. कित्येक सामने रात्री साडेतीनला. एकोणचाळीस दिवस असे जागरण सत्तरीपुढच्या शरीराने करू नये, याबाबत मी ठाम आहे. अपुऱ्या झोपेने रक्तदाब आणि साखर दोन्ही बिघडतात, दिवसा तोल जातो, आणि ज्यांची स्मरणशक्ती आधीच क्षीण झाली आहे त्यांचा गोंधळ वाढतो.

पण काही सामने आपल्याकडे सकाळी साडेसहा-साडेसातला आहेत. शनिवारी, १३ जूनला सकाळी साडेसहाला अमेरिकेचा पहिला सामना आहे. मित्रमंडळींना घरी बोलवायचेच तर अशा सकाळी बोलवा. वृद्ध माणूस त्या वेळी ताजातवाना असतो, मुलांना सुट्टी असते आणि पोहे-चहावर काम भागते. एवढेच की हृदयविकाराचे झटके दुपारपेक्षा सकाळच्या प्रहरी अधिक येतात. म्हणून सकाळच्या गोळ्या सामना सुरू होण्याआधीच पोटात गेलेल्या असाव्यात, सामना संपल्यावर नव्हे.

रात्रीच्या सामन्यासाठी दुसरी युक्ती आम्ही घरी ठरवली आहे. तो सामना दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांनी मिळून पाहायचा, आणि तोवर निकाल कोणी कोणाला सांगायचा नाही. वर्तमानपत्राची भीती नाही, सामना संपेपर्यंत ते छापून झालेले असते. भीती मोबाइलची. तेव्हा मोबाइल एका डब्यात. आमच्या नातवंडांच्या पिढीला ही अट सामन्यापेक्षा अधिक थरारक वाटते.

खुर्ची, चपला आणि वायरी

घरात पंधरा माणसे जमतात तेव्हा वृद्धाला पहिला धोका हृदयाचा नसतो, पडण्याचा असतो. उंबरठ्याशी चपलांचा ढीग, मधून गेलेली एक्स्टेन्शन बोर्डची वायर, स्वच्छतागृहाच्या वाटेवर ठेवलेल्या जादा खुर्च्या, कुणीतरी सांडलेले सरबत. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे भरून ठेवलेली पिंपे आणि बादल्याही याच वाटेत उभ्या असतात. पाहुणे येण्यापूर्वी एकदा स्वतः आजोबांच्या खुर्चीपासून स्वच्छतागृहापर्यंत चालत जा, दिवा मंद करून. जिथे तुमचा पाय अडेल तिथे त्यांचाही अडणार.

खुर्ची हातांची असावी, फार खोल सोफा नको. गोल झाल्यावर तरुण उडी मारतात. वृद्धानेही आवेगाने उठायचा प्रयत्न केला तर रक्तदाब एकाएकी उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे अधिक होते. त्यांनी बसल्या जागी टाळ्या वाजवाव्यात; आनंद तेवढाच होतो. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत मात्र उठून घरातल्या घरात दोन फेऱ्या माराव्यात, म्हणजे पाय आखडत नाहीत.

आता एक विषय, जो पुरुष रुग्ण दवाखान्यातून निघताना दाराशी उभे राहून हळू आवाजात काढतात. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असताना ‘एवढा कॉर्नर होऊ दे, मग जातो’ असे करत तासभर लघवी रोखून धरली की मूत्राशय ताणले जाते आणि नंतर लघवी होतच नाही. पोट फुगते, असह्य वेदना होतात आणि रात्री दोन वाजता नळी घालायला रुग्णालय गाठावे लागते. मद्य घेतले असेल तर ही शक्यता आणखी वाढते. सामना थांबत नाही हे खरे, पण गोल पुन्हा दाखवतात.

ऐकायला कमी येणाऱ्यांना स्पीकरच्या जवळ बसवणे हा उपाय नव्हे. श्रवणयंत्र लावलेल्याला शिट्ट्यांचा आणि एकाच वेळी बोलणाऱ्या दहा जणांचा आवाज त्रासदायक होतो. शेजारी एक शांत स्वभावाचे माणूस बसवावे, जे मधून मधून सांगत राहील. स्मृतिभ्रंश असलेल्यांना मात्र गर्दी आणि गोंगाट खरोखरच सोसत नाही, विशेषतः संध्याकाळनंतर. त्यांना वेगळी खोली हवी. पण दार किलकिले असावे आणि कुणीतरी आळीपाळीने त्यांच्यापाशी बसावे.

इन्सुलिन घेतले, जेवण राहिले

माझ्या दवाखान्यातला एक प्रसंग सांगतो. २९ जून २०२४, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. रात्री उशिरा जवळच्याच एका घरातून फोन आला. सत्तरी ओलांडलेल्या आजी, अनेक वर्षांचा मधुमेह. त्यांनी नेहमीच्या वेळी, आठ वाजता, इन्सुलिन घेतले होते. घरात पंचवीस माणसे. ‘एवढे षटक होऊ दे, मग ताटे घेऊ’ असे करत जेवण लांबत गेले. आजी खुर्चीतच पेंगू लागल्या. दमल्या असतील, झोपू द्या, असे सर्वांना वाटले. त्यांच्या औषधांची खडान्‌खडा माहिती असलेली सून त्या वेळी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. ती बाहेर आली, सासूबाईंच्या मानेला हात लावला, तेव्हा पदर घामाने भिजलेला. साखर ४८. त्यांना गिळता येत होते म्हणून साखरेचे पाणी देता आले आणि पंधरा मिनिटांत त्या सावरल्या. आणखी तासभर ‘झोपू’ दिले असते तर काय झाले असते, ते मी त्या घरात बोललो नाही.

पाहुणे येणार म्हणून मधुमेही व्यक्तीचे जेवण पुढे जाणार असेल, तर इन्सुलिनही त्याबरोबरच पुढे गेले पाहिजे; किती आणि कसे, हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवावे. त्याहून सोपे म्हणजे त्यांचे ताट नेहमीच्या वेळी वाढणे. यजमानांनी आधी जेवू नये, हा संकेत या बाबतीत मोडावा. आणि ज्या व्यक्तीला औषधे ठाऊक आहेत तिला त्या दिवशी स्वयंपाकघरात अडकवू नये. बहुतेक घरांत ती व्यक्ती सून किंवा मुलगी असते, आणि सामना पाहण्याची इच्छा तिलाही असते, हे मी इथे जाता जाता नोंदवतो.

नान-खलिया हे आपल्या शहराचे वैभव आहे. वृद्धांना ते वर्ज्य करा असे मी म्हणणार नाही. तर्री बाजूला काढून, लहान वाटी, सामन्याच्या आधी. भरल्या पोटी हृदयाला तसेही अधिक काम असते, त्यात पेनल्टीचा ताण नको. खरा शत्रू आहे तो सतत फिरत असणारा फरसाण, वेफर्स आणि खारे शेंगदाणे यांचा डबा. दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हात न पाहता डब्यात जात राहिला तर तेवढे कधी होते ते कळत नाही. ३०० मिलिलिटर शीतपेयात तीसेक ग्रॅम साखर असते. त्याऐवजी ताक, उकडलेले शेंगदाणे, भाजलेले मखाने. जुलैत कणसे येतील, पण कवळी असलेल्यांना कणीस देऊन त्यांची परीक्षा पाहू नये. दाणे काढून मऊ उपमा करावा.

यंत्र कपाटात ठेवा, १०८ लक्षात ठेवा

रक्तदाबाचे यंत्र आता घरोघरी आहे आणि पेनल्टीच्या वेळी आजोबांच्या दंडाला पट्टा गुंडाळणारा एखादा उत्साही नातूही. त्या क्षणी आकडा वाढलेलाच दिसणार. मग घबराट, मग आणखी मोठा आकडा. मोजायचेच तर पाच मिनिटे शांत बसल्यानंतर मोजावे. वाढलेला आकडा पाहून स्वतःच्या मनाने जादा गोळी देऊ नये, जिभेखाली कॅप्सूल फोडून दाब झटकन उतरवण्याचा जुना प्रकार तर मुळीच नको. दाब एकदम कोसळून मेंदूचा रक्तपुरवठा घटू शकतो.

उत्साहाने छाती धडधडणे वेगळे आणि छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटणे वेगळे. छातीत दाब किंवा जळजळ, ती खांद्याकडे, हाताकडे, जबड्याकडे जाणे, थंड घाम, दम लागणे ही लक्षणे दिसली की टीव्ही बंद करून व्यक्तीला बसवावे. मधुमेही व्यक्तींना आणि वृद्ध स्त्रियांना छातीत दुखेलच असे नाही. अकारण घाम, मळमळ, कमालीचा थकवा एवढेच दिसू शकते. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी आधीच लिहून दिली असेल तर ती बसूनच घ्यावी. एका बाजूचे तोंड वाकडे होणे, हात न उचलता येणे, बोबडे बोलणे ही पक्षाघाताची लक्षणे. दोन्ही बाबतींत ‘अॅसिडिटी असेल, सकाळी पाहू’ असे म्हणण्यात वेळ घालवू नये. १०८ला फोन करावा. औषधांची यादी आणि जुना ईसीजी एका पाकिटात ठेवून ते कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवावे. दारापुढे पाहुण्यांच्या दुचाक्या अशा लावाव्यात की रुग्णवाहिका आली तर आत येऊ शकेल.

वडील आता ८५ वर्षांचे आहेत. आमखास मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांपैकी दोघे माझ्या मुलाचे मित्र आहेत. ते अधूनमधून मुलाला सोडून थेट वडिलांकडेच येतात. त्यांच्याबरोबर बसून वडिलांनी सामन्यांचे वेळापत्रक एका वहीत उतरवले आहे. आमची वाटाघाट आठवडाभर चालली. सलामीचा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री साडेतीनचा एकही नाही. अंतिम सामना मात्र थेट. त्या रात्री त्यांनी साडेआठला जेवून झोपायचे आणि मी त्यांना सव्वाबाराला उठवायचे.

त्यांची अट एकच होती. मध्यंतराला त्यांना कोणी आत पाठवायचे नाही. मी होकार दिला, पण त्यांना तो तोंडी नको होता. शेवटी माझ्या औषध लिहून देण्याच्या कागदावर तसे लिहून खाली सही केली. त्यांनी कागदाची घडी घातली आणि गोळ्यांच्या डब्यात ठेवून दिली.